पाण्यात सगळेच बहिरे

"चार दिवस कुठंतरी शांत ठिकाणी जाऊन राहा," असा सल्ला मला आजवर ज्यांनी ज्यांनी दिला, त्या सगळ्यांचे कान ठणठणीत आहेत. कोकणात मामेबहिणीकडे जा, विपश्यनेला जा, पन्हाळ्याला जा. पन्हाळ्याला मी गेलेही. गर्दीचे दिवस नव्हते, हॉटेलात आमच्याशिवाय फारसं कुणी नव्हतं, बाहेर धुकं, पंखा लावायचीही गरज नाही. नवऱ्याला पाठ टेकताच झोप लागली. मग त्या खोलीत मी आणि माझ्या कानातला तो 'ईईई' असे दोघंच जागे राहिलो. घरी निदान फ्रीज असतो, शेजाऱ्यांचा टीव्ही असतो, मागच्या गल्लीत रात्रपाळी चालू असते. पन्हाळ्यावर त्या आवाजाला अडवायला कुणीच नव्हतं.

टिनिटस म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात किंवा डोक्यात ऐकू येणारा आवाज. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिडे, कुणाला कुकरची वाफ. दुखणं जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजलेत, त्यांत कर्णनाद आहे. आणि शांततेचंच म्हणाल, तर १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघा संशोधकांनी कान चांगले असलेल्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतंय ते लिहायला सांगितलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही लिहिलं. गुणगुण, शिट्टी, धडधड. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली तर तुमच्याही कानात कुणीतरी बसलेलं आहे. तुमचं नशीब एवढंच, की तेवढी शांतता तुमच्या वाट्याला येत नाही.

मी इचलकरंजीची. इथं पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला. माझा जन्म होईतो गल्लोगल्ली शेड उभ्या होत्या. आमचं घरही तसलंच, खाली माग आणि वर आम्ही. जिना उतरताना माग आधी तळपायांना कळायचा, मग कानांना. साध्या मागावर धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या मारतो. लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड, पोटात सुताची कांडी. एका बाजूच्या पेटीत त्याला फटका बसतो, ताण्याच्या उघडलेल्या धाग्यांमधून तो पलीकडे जातो, समोरच्या पेटीत आदळतो, आणि थांबायच्या आत तिकडून फटका. हा झाला एक माग. शेडमध्ये असे आठ, बारा, चोवीस, आणि कुणाचाच कुणाशी ताल जुळत नाही. अशा ठिकाणी आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. ८५ डेसिबलमध्ये माणसानं दिवसाला फार तर आठ तास काम करावं आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब आहे. त्या हिशोबानं ९७ डेसिबलला अर्धा तास मिळतो. आमच्याकडे पाळी बारा तासांची.

मी स्वतः माग चालवले नाहीत. पण कांडी मशीनच्या शेजारी बसून अभ्यास केला, तिथंच जेवले, तिथंच भावाशी मारामाऱ्या केल्या. लाइट गेली की गल्ली एकदम गप्प व्हायची आणि पाळण्यातला माझा धाकटा भाऊ दचकून रडायला लागायचा. करंट आला, माग सुरू झाले, की पोरगं पुन्हा झोपी.

शेडमध्ये बोलायचं ते हातांनी. चिमटीनं हवेतला धागा ओढला की सूत तुटतंय. मूठ उलटी फिरवली की बंद कर. अंगठा ओठांकडे नेला की चहा. कपाळावर बोटानं आडवी रेघ ओढली की शेठ आलाय, कारण आमच्या व्यापाऱ्याच्या कपाळाला कायम गंध असायचं. आईनं जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून वडिलांशी केलेली अख्खी भांडणं मी बघितली आहेत, एक शब्द न ऐकता. पुढे वाचनात आलं की इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायकाही अशाच ओठांनी आणि हातांनी बोलायच्या. तिकडे त्याला 'मी-मॉइंग' म्हणत. मला त्या बायका सख्ख्या वाटल्या.

मी शाळेत गणित शिकवते. चाळिशी उलटल्यावर पोरांचे 'स' आणि 'श' पुसट व्हायला लागले. मागच्या बाकावरची मुलगी 'साठ' म्हणाली की 'आठ' हे तिच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय कळेना. त्याच सुमारास तो आवाज आला, किंवा आधीपासून होता तो आता मला दिसला म्हणा. मागांच्या गावात असं काही नवं उगवलं तरी कळायला वेळ लागतो.

आमच्याकडची रीत म्हणजे काही दुखलं की मिरज गाठायची. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या उंचीचा सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढला. ४००० हर्ट्‌झच्या जागी रेघ खड्ड्यात गेलेली. "मोठ्या आवाजात राहिलात का?" त्यांनी विचारलं. गावाचं नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न विचारला नाही. आतल्या कानातल्या शंखात ऐकण्याच्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात आणि गेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. तिकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो, आणि मग स्वतःच्याच चेतातंतूंची हालचाल त्याला आवाज म्हणून ऐकू यायला लागते. सध्या सगळ्यांत मानलं जाणारं स्पष्टीकरण हे.

मग तिथल्या ऑडिओलॉजिस्टनं, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या बाईनं, हेडफोन लावून एकेक सूर ऐकवला. 'तुमचा आवाज यापेक्षा वर की खाली?' चष्म्याचा नंबर काढताना विचारतात तसं. माझा सहा हजार हर्ट्‌झच्या आसपास निघाला. मग तीव्रता मोजली. रात्र रात्र जागवणारा, मला वाटायचं शेजारणीलाही ऐकू जात असेल असा तो आवाज, माझ्या ऐकू येण्याच्या सीमेपेक्षा जेमतेम काही डेसिबल वर निघाला. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. बहुतेकांचं असंच असतं, ती म्हणाली. त्रास किती होतो याचा आवाज किती मोठा आहे याच्याशी फारसा संबंध नसतो.

यावर हमखास गोळी नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कारण त्याआधी लसणाचं तेल, कांद्याचा रस आणि 'सात दिवसांत गुण'वाली पुडी हे सगळं नातेवाइकांनी सुचवून झालं होतं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा उपयोग होतो, झोप सुधारायला हवी, आणि आवाजाची भीती कमी करण्यासाठी समुपदेशन. पोहण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. पोहायला मी गेले ते गुडघ्यासाठी.

महापालिकेच्या तलावावर सकाळी उशिरा बायकांची बॅच असते. धाकटा भाऊ पंचगंगेत पाठीला डबा बांधून शिकला होता. मला त्या वयात नदीवर धुण्यापुरतंच पाठवायचे. त्यामुळे चाळिशीनंतर, पोटऱ्यांपर्यंत येणारा कॉस्च्यूम घालून, उथळ बाजूला दांडी धरून पाय मारण्यापासून सुरुवात. बरोबर पतसंस्थेतली कॅशियर, एका सायझिंगवाल्यांची (सुताला खळ लावणाऱ्यांची) सून, एक बालरोगतज्ज्ञ, आणि दोघी जावा, ज्या पाण्यातही एकमेकींशी बोलत नाहीत.

पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घातलं तेव्हा वाटलं होतं की इथं तरी तो थांबेल. उलट तो समोर येऊन उभा राहिला. कानांत सिलिकॉनचे प्लग, वर टोपी, त्यावर पाणी; बाहेरचं जग कमी झालं आणि हा तेवढा राहिला. मी तशीच वर आले आणि दांडी धरून उभी राहिले. पन्हाळ्याची खोली आठवली. कोचला वाटलं पाण्याला घाबरले.

"मॅडम, श्वास कोंडून ठेवायलाय तुम्ही. सोडा की पाण्यात!" ती म्हणाली. सोडला.

पाण्याखाली श्वास सोडताना स्वतःच्या बुडबुड्यांचा जो गडगडाट होतो, तो पोहणाऱ्यांना इतका सवयीचा असतो की कुणी त्याबद्दल बोलतच नाही. मला तो कानांच्या आत, गालफडांत, नाकाच्या मुळाशी ऐकू आला. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगानं जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. दोन्ही कानांत तो जवळजवळ एकाच वेळी पोचतो, म्हणून कुठल्या बाजूनं आला ते मेंदूला सांगता येत नाही. त्यात कानाचा पडदा हवेसाठी घडलेला. पाण्याखालचा बराचसा आवाज कवटीच्या हाडांतून आत शिरतो. सगळीकडून, एकदम, आतूनच आल्यासारखा. नेमका टिनिटससारखा. फरक एवढाच की हा मी करते, आणि हवा तेव्हा बंद करू शकते.

बुडबुड्यालाही त्याचा सूर असतो. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञानं १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं: बुडबुडा जितका लहान तितका सूर वरचा. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३३०० हर्ट्‌झच्या जवळपास वाजतो, अर्ध्या मिलिमीटरचा त्याच्या दुप्पट. गणिताची बाई असल्यामुळे मी लगेच ताडून बघितलं: माझा आवाज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा बुडबुडा. ऑडिओलॉजिस्टला हे सांगितलं तर ती हसली. नाकातून सुटणारे बुडबुडे बहुतेक याहून कितीतरी मोठे असतात, त्यामुळे उपचार म्हणून याला काही अर्थ नाही. पण रात्री अडीच वाजता तो 'ईईई' चालू असताना 'अर्धा मिलिमीटर' असं मनाशी म्हटलं की मला त्याची तेवढी भीती वाटत नाही. ज्याची त्रिज्या ठाऊक आहे त्याला किती घाबरायचं.

पुढे ध्यानात आलं की मान वळवली की कानातल्या आवाजाचा सूर बदलतो. फ्रीस्टाईलमध्ये श्वासासाठी उजवीकडे वळले की तो चढतो, खाली बघितलं की उतरतो. खोल बाजूला गेल्यावर मी दात घट्ट आवळत होते, त्यानंही चढायचा. हे माझे भास नव्हेत. मान आणि जबड्याकडून येणाऱ्या नसा मेंदूत ऐकण्याच्या मार्गाला जिथं भेटतात तिथं अशी सरमिसळ होते, आणि टिनिटस असलेल्या पुष्कळांना दात चावल्यावर किंवा मान फिरवल्यावर आवाजात बदल जाणवतो. ब्रेस्टस्ट्रोक मी गावाकडच्या म्हशीसारखा, मुंडकं वर काढून करत होते. "मान खाली, मॅडम! तळ बघा, छत कशाला बघायलाय?" कोचनं ओरडून ओरडून ते मोडून काढलं. मान सैल झाली, जबडा सुटला, आणि चढणारा सूर चढेनासा झाला. गेला नाही. जागेवर बसला.

पण मला रोज तिथं ओढून नेतं ते वेगळंच आहे.

दिवसभर मला थकवतं ते ऐकण्याचं काम. वर्गात, स्टाफरूममध्ये, बँकेच्या काचेमागच्या माणसासमोर, लग्नाच्या पंगतीत. निम्मे शब्द ऐकायचे, निम्मे ओठांवरून आणि अंदाजानं भरायचे, आणि चेहरा असा ठेवायचा की सगळं कळलं. पाहुण्यांकडे विनोद झाला की सगळ्यांच्या मागोमाग हसायचं. संध्याकाळी घरी आले की कानातला आवाज वाढलेला असतो. आवाज तेवढाच असेल, मी कमी उरलेली असते.

तलावात कुणालाच धड ऐकू येत नाही. टोप्या भुवयांपर्यंत ओढलेल्या, कुणाच्या कानात प्लग, कुणाच्या व्हॅसलीनचा कापूस, कुणाच्या नुसतंच पाणी. पत्र्याच्या छताखाली प्रत्येक हाक चार वेळा आपटून परत येते. बालरोगतज्ज्ञ बाईंना दहा फुटांवरून विचारलं, "किती लॅप झाल्या?" तर उत्तर येतं, "नाही, आज डबा आणला नाही." कुणी कुणाला 'परत सांगते' असं वैतागून म्हणत नाही. सगळ्या हातांनी बोलतात. दोन बोटं चालवून दाखवली की पाय मार. तळहात खाली दाबला की डोकं खाली. कोपर वर उचलून दाखवलं की फ्रीस्टाईल बिघडलंय. लेन संपल्यावर अंगठा, नाहीतर नकाराची मान. या भाषेत मी बॅचमधली सगळ्यांत हुशार. मी लहानपणापासून हीच तर बोलतेय.

त्यांच्यात एक जॉबरची मुलगी आहे. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. आम्हाला एकमेकींचं काही माहीत नव्हतं. एकदा ती पलीकडच्या काठावर दमून लटकली होती, मी इकडून मूठ उलटी फिरवली: बंद कर, बस झालं. तिनं क्षणभर बघितलं. मग कपाळावर बोटानं आडवी रेघ ओढली आणि डोळ्यांनी दाराकडे खूण केली. दारातून तलावाचे व्यवस्थापक पास तपासायला येत होते. दोघींच्या नाकात पाणी गेलं हसून. त्या दिवसापासून आमचा पाण्यातला संसार वेगळा आहे. बाकीच्या विचारतात हे काय चाललंय, आम्ही सांगत नाही. तिच्या वडिलांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यांच्या कानात काय वाजतं हे त्यांना कुणी विचारलेलं नाही, तेही कधी बोललेले नाहीत. त्या पिढीत कान जाणं हे केस पिकण्यासारखं धरायचे.

आता थोडं कोरडं, कारण मेसेज करून विचारणाऱ्या फार आहेत. पोहून आल्यावर मान कलती करून पाणी निथळू द्यायचं आणि टॉवेलच्या कोपऱ्यानं फक्त बाहेरून टिपायचं. इअरबड आणि कानकोरणी फेकून द्यायची; त्यांनी मळ आत ढकलला जातो, कान बंद होतो आणि टिनिटस दुप्पट वाटतो. पावसाळ्यात ओल्या कानात बुरशी धरते, खाज सुटली की लगेच दाखवायचं, तेल घालायचं नाही. पडद्याला भोक असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचंच नाही. प्लग लावून तळापर्यंत बुडी मारायची नाही, आतली हवा कोंडते आणि दाबानं पडद्याला इजा होते. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्यासरशी वाजत असेल, तर तलाव राहू द्या, आधी तपासून घ्या. आणि एकाएकी ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथं उशिरा गेलं की उपचाराचा उपयोग कमी होत जातो.

पोहून टिनिटस बरा होतो असं मात्र कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. जोरात लॅप मारल्या की वर आल्यावर तासभर माझा आवाज चांगलाच चढलेला असतो. कधी परीक्षांचे पेपर तपासायचे दिवस असतात, झोप उडते, तेव्हा तलावाचा काही उपयोग होत नाही. बाकी दिवशी रात्री हातपाय जड होतात आणि डोळा लागायला जो तास जायचा तो जात नाही. माझ्यापुरतं ते पुष्कळ आहे.

सध्या एकच कटकट आहे. पाण्यातल्या व्यायामासाठी म्हणून तलावावर एक भलामोठा स्पीकर आलाय, आणि पत्र्याच्या छताखाली तो लावला की दुसरी शेडच सुरू होते. मी आवाज कमी करा म्हणून अर्ज दिला. व्यवस्थापक म्हणाले, बायकांनाच विचारू. काठावर उभं राहून त्यांनी विचारलं, "गाणी नकोत असं कुणाकुणाचं म्हणणं आहे? हात वर करा." निम्म्या बायकांच्या कानांत प्लग होते. जॉबरच्या मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. तिचा बघून कॅशियरनं केला, मग सुनेनं, मग एकमेकींकडे न बघता दोन्ही जावांनी. ठराव पास झाला. बाहेर चप्पल घालताना कॅशियर मला विचारत होती, "मॅडम, ते मघाशी काय विचारत होते हो?" स्पीकर आता फक्त शनिवारी लागतो, आणि शनिवारी मी खोल बाजूला असते.